काळ्या ठिपक्याची संकरित पिढी : भांडुपच्या टाक्यांतील प्लॅटी, स्वॉर्डटेल आणि त्यांचे जनुकसंच

प्लॅटी आणि स्वॉर्डटेल हे मासे मुंबईत शोभेचे मासे पाळणाऱ्यांना नवे नाहीत. कुर्ल्याच्या बाजारात आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत ते बारमाही मिळतात, स्वस्त असतात, आणि अंडी न घालता थेट पोहती पिल्ले देत असल्यामुळे घरगुती संवर्धनाची सुरुवात बहुतेक जण गप्पी, मॉली किंवा या दोघांपासूनच करतात. प्लॅटी म्हणजे झिफोफोरस मॅक्युलेटस आणि स्वॉर्डटेल म्हणजे झिफोफोरस हेलेरी. एकाच वंशातील या दोन जाती मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यापासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या नद्यानाल्यांत राहतात, काही ठिकाणी एकाच प्रवाहात आढळतात, आणि तरीही निसर्गात त्यांचा आपसांत संकर जवळजवळ होत नाही, कारण मादी आपल्या जातीचा नर ओळखून निवडते. टाकीत ही निवड उरत नाही. एका टाकीत ठेवलेले प्लॅटी आणि स्वॉर्डटेल सहज जुगतात, त्यांची संतती वांझ नसते, आणि पुढील सगळे प्रकरण या एका गोष्टीतून उभे राहिले.

भांडुपमधील एक संवर्धक आपल्या घराच्या गॅलरीत आणि मागच्या खोलीत टाक्या मांडून बरीच वर्षे हे मासे वाढवतात आणि बाजारात पुरवतात. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. त्यांची आणि आमच्या विभागाची ओळख जुनी आहे, कारण प्रात्यक्षिकांसाठी लागणारे मासे आम्ही त्यांच्याकडून घेतो. त्यांच्याकडे दोन जातिवंत म्हणता येतील अशा ओळी होत्या. एक, पाठीवरच्या परावर ठसठशीत काळे ठिपके असलेल्या प्लॅटीची, जी त्यांनी स्वतःच पिढ्यानपिढ्या राखली होती. आणि दुसरी, एका जुन्या हौशी पालकाकडून आलेली हिरव्या स्वॉर्डटेलची. या दुसऱ्या ओळीत काळे ठिपके कधीच निघत नसत. ठिपकेवाल्या प्लॅटी माद्या आणि हिरवा नर यांची जोडणी त्यांनी जाणूनबुजून केली. पहिल्या संकरित पिढीतील ठिपकेवाली पिल्ले आईपेक्षाही गडद निघाली. पाठीचा पर मखमलीसारखा काळा झाला आणि त्याला चांगला भाव मिळाला. नरांची तलवार, म्हणजे शेपटीच्या खालच्या काठाला फुटणारे लांब टोक, मात्र आखूड राहिली. ती लांब व्हावी म्हणून त्यांनी या संकरित पिढीतील गडद माद्या पुन्हा त्याच हिरव्या नराला दिल्या. अशा मागे फिरून केलेल्या जोडणीला या लेखात मी प्रतिसंकर म्हणते.

प्रतिसंकरातील पिल्ले जन्मली तेव्हा निरोगी होती. काही आठवड्यांनी त्यांच्यात तीन तऱ्हा दिसू लागल्या. सुमारे निम्म्या पिल्लांवर काळे काहीच नव्हते. काहींच्या पाठीच्या परावर काळे ठिपके होते, पण पर पातळ आणि साफ होता. उरलेल्यांत काळा रंग पराच्या बुडाकडून अंगात उतरू लागला, तिथली कातडी जाड झाली, मग खवल्यांच्या वर येणारी खडबडीत गाठ दिसू लागली आणि पुढे पराच्या काड्या झिजून गळू लागल्या. संवर्धकांनी आधी नेहमीचे उपाय केले: खडे मीठ, मिथिलिन ब्लू, वेगळी टाकी, पाण्याचा अर्धा बदल. आमच्याकडे मासे घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजही मोलाचा वाटतो. ते म्हणाले, "मॅडम, पाणी तेच, खाणं तेच, आई तीच. मग ज्याच्या अंगावर काळं नाही त्याला काहीच कसं होत नाही?"

या प्रश्नात निदानाचा मोठा भाग आलेला आहे. संसर्ग असता तर त्याने रंग पाहून भावंडे निवडली नसती. तरीही आम्ही सोप्या शक्यता एकेक करून बाजूला केल्या. माशांच्या अंगावर काळे ठिपके आणणारा एक परजीवी कृमी असतो, पण त्याचे जीवनचक्र पूर्ण व्हायला गोगलगाय आणि मासे खाणारा पक्षी दोन्ही लागतात; झाकलेल्या टाकीत ते चक्र चालू शकत नाही. अमोनियाने भाजलेल्या कातडीवर बरे होताना काळे डाग उमटतात, पण ते पसरट असतात आणि काही दिवसांत फिकटतात. ते गाठीत वाढत नाहीत. मुंबईच्या नळाला येणारे तलावांचे पाणी मृदू असते आणि पिल्ले घालणाऱ्या या माशांना थोडे कठीण पाणी मानवते, हे खरे; पण त्यासाठी संवर्धक फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा आधीपासूनच ठेवत होते, आणि मृदू पाण्याचा त्रास सगळ्या टाकीला होतो, ठरावीक भावंडांना नव्हे.

गाठ काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरले. एका सहकारी विकृतिशास्त्रज्ञांनी गाठीचे पातळ छेद घेतले, तेव्हा पहिल्या काचेवर काळ्याशिवाय काहीच दिसेना, कारण रंजकद्रव्याने पेशी इतक्या भरलेल्या होत्या की केंद्रक झाकले गेले होते. मग छेद पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात ठेवून, त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाने धुऊन रंजकद्रव्य उतरवले आणि पुन्हा नेहमीचे रंग दिले. आता चित्र स्पष्ट झाले: वेगवेगळ्या आकारांच्या केंद्रकांच्या रंजक पेशी पराच्या बुडातून खाली स्नायूंच्या तंतूंमध्ये घुसल्या होत्या आणि तंतू एकमेकांपासून वेगळे पाडत होत्या. हा मेलानोमा होता, म्हणजे रंजक पेशींचा कर्करोग.

जुना प्रयोग, नव्याने घडलेला

संवर्धकांनी नकळत जे केले, तो आनुवंशिकशास्त्रातला एक नावाजलेला प्रयोग आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कोसविग व गेऑर्ग हॉयस्लर यांनी स्वतंत्रपणे हेच पाहिले: ठिपकेवाला प्लॅटी आणि स्वॉर्डटेल यांची पहिली पिढी गडद होते आणि ती पुन्हा स्वॉर्डटेलला दिली की संततीतील काही माशांना हमखास मेलानोमा होतो. कर्करोग आनुवंशिक असू शकतो, आणि तोही ठरावीक प्रमाणात वाटला जातो, हे दाखवणाऱ्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या माशांची गणना होते. पुढे फ्रिट्झ आनडर्स यांनी जर्मनीत या निरीक्षणांना नेमकी मांडणी दिली. त्यांच्या मते प्लॅटीत दोन गोष्टी असतात, एक गाठ घडवणारे जनुक आणि दुसरे त्याला लगाम घालणारे नियंत्रक जनुक. ही दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बसतात. स्वॉर्डटेलमध्ये दोन्ही नसतात. शुद्ध प्लॅटीत जनुकही आहे आणि नियंत्रकाच्या दोन्ही प्रतीही आहेत, म्हणून फक्त नीटस ठिपके दिसतात. पहिल्या पिढीत नियंत्रकाची एकच प्रत राहते, म्हणून ठिपके पसरतात. प्रतिसंकरात निम्म्या पिल्लांना गाठीचे जनुकच मिळत नाही. चौथ्या हिश्शाला जनुकासोबत नियंत्रकाची एक प्रत मिळते. आणि उरलेल्या चौथ्या हिश्शाला जनुक मिळते, नियंत्रक मिळत नाही. भांडुपच्या तीन तऱ्हा या हिशेबाशी डोळ्यांना जुळत होत्या. पण डोळ्यांना जुळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे, विशेषतः बाजारातून वर्षानुवर्षे फिरलेल्या माशांच्या बाबतीत.

गाठीच्या जनुकाची ओळख १९८९ मध्ये पटली. त्याला एक्सएमआरके असे संक्षिप्त नाव आहे आणि ते पेशीच्या पडद्यावर बसणारा एक संदेशग्राहक घडवते. माणसाच्या अनेक कर्करोगांत ज्या ईजीएफआर ग्राहकाचा हात असतो, त्याच कुळातले हे जनुक आहे. या माशांच्या पूर्वजात ईजीएफआर-बी या मूळ जनुकाची एक जादा प्रत तयार झाली, त्या प्रतीत दोन अमिनो आम्ले बदलली, आणि त्यामुळे हा ग्राहक बाहेरून संदेश न येताही आपसांत जोड्या जमवून पेशीला वाढीचा हुकूम देत राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या प्रतीच्या पुढचा तुकडा, जो जनुक कुठे आणि किती चालायचे ते ठरवतो, तो दुसऱ्याच ठिकाणाहून येऊन जोडला गेला आहे. म्हणून मूळ ईजीएफआर-बी शिस्तीत चालतो, आणि एक्सएमआरके रंजक पेशींत चालायला धजतो.

दोन जनुकसंच शेजारी ठेवल्यावर

प्लॅटीचा संपूर्ण जनुकसंच (जीनोम) मानफ्रेट शार्टल, रॉनल्ड वॉल्टर, वेस्ली वॉरेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी वापरलेली ओळ मेक्सिकोतील वेराक्रूझ राज्यातल्या हामापा नदीतून आणलेल्या माशांपासून प्रयोगशाळेत राखलेली होती. गॉर्डन यांनी सुरू केलेला हा ओळींचा साठा आज टेक्सास राज्यातील सॅन मार्कोस येथे आहे. २०१६ मध्ये हिरव्या स्वॉर्डटेलचा आणि झिफोफोरस काउचियानस या तिसऱ्या जातीचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. हे सगळे संच सार्वजनिक संगणक-भांडारांत खुले आहेत, आणि मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून ते उघडता येतात, याचे मला मोठे अप्रूप वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांना हे स्वप्नातही दिसले नसते.

जवळच्या जातींची तुलना करण्याचा फायदा असा की बहुतेक मजकूर सारखाच असतो. प्लॅटी आणि स्वॉर्डटेल दोघांतही गुणसूत्रांच्या २४ जोड्या आहेत, आणि त्यांवरील जनुकांचा क्रम इतका जुळतो की एकाचे गुणसूत्र दुसऱ्यावर जवळजवळ सरळ रेषेत मांडता येते. गप्पीशी तुलना केली की हे चित्र बदलते: गप्पीत दोन जुनी गुणसूत्रे एकमेकांना चिकटून २३ जोड्या उरल्या आहेत. थोडे विषयांतर करून सांगते की पिल्ले घालण्याची सवय असूनही या वंशाने अंड्यातील बलक सोडलेला नाही. प्लॅटीचा गर्भ आईच्या पोटात वाढताना मुख्यतः बलकावरच जगतो, आणि बलकाची जनुके त्याच्या जनुकसंचात टिकून आहेत.

फायद्याबरोबर अडचणही येते. सारख्या मजकुरात फरक शोधायला सोपा असतो, पण सगळीकडे विखुरलेले लहान फरक लाखोंच्या घरात असतात, आणि केवळ दोन संच शेजारी ठेवून त्यांतला कोणता फरक गाठीला कारणीभूत आहे ते कळत नाही. तुलनेतून फरकांची यादी मिळते. त्या यादीतला दोषी ठरवायला संकरित संतती लागते, कारण संततीत दोन्ही संचांचे तुकडे नव्याने वाटले जातात आणि कोणता तुकडा गाठीबरोबर जातो ते पाहता येते. भांडुपच्या माशांनी आम्हाला ही दुसरी बाजू आयती दिली होती. म्हणून आम्ही नव्याने संपूर्ण संच वाचण्याच्या खटाटोपात पडलो नाही. खुल्या संचांतून दोन जाती जिथे स्पष्ट वेगळ्या आहेत अशा जागा निवडल्या, त्यांसाठी प्रायमर, म्हणजे ठरावीक जागेवर चिकटून तेवढाच भाग वाढवायला मदत करणारे डीएनएचे छोटे तुकडे, तयार करून घेतले, आणि माशांच्या शेपटीच्या टोकाचा भाताच्या शितापेक्षाही लहान तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातून डीएनए काढला. शेपटीचा असा तुकडा काही आठवड्यांत भरून येतो आणि मासा जिवंत राहतो.

निवडलेल्या या जागा म्हणजे आमच्या खुणा. त्या दोन ठिकाणी महत्त्वाच्या होत्या. पहिली जागा एकविसाव्या गुणसूत्रावरची, जिथे प्लॅटीत एक्सएमआरके बसते. हे प्लॅटीचे लिंगगुणसूत्रही आहे. दुसरी पाचव्या गुणसूत्रावरची, जिथे नियंत्रक असल्याचे संकरांच्या अभ्यासातून पूर्वीच कळले होते. त्याशिवाय इतर गुणसूत्रांवरही काही खुणा ठेवल्या, कारण बाजारातला 'प्लॅटी' किती प्लॅटी आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

एक्सएमआरके शोधताना एक सापळा असतो आणि विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा असे मला वाटते. जनुकाचा मुख्य भाग मूळ ईजीएफआर-बीशी इतका सारखा आहे की त्या भागावर प्रायमर बसवला, तर ज्या माशात एक्सएमआरके अजिबात नाही त्यातही बँड (वाढवलेल्या डीएनएचा पट्टा) दिसतो. संपूर्ण जनुकसंच लहान तुकड्यांत वाचतानाही हीच गल्लत होऊ शकते: स्वॉर्डटेलच्या ईजीएफआर-बीचे तुकडे प्लॅटीच्या संचावर जुळवायला घेतले, तर त्यांतले काही एक्सएमआरकेवर जाऊन बसतात आणि नसलेले जनुक असल्याचा भास होतो. एकाच जातीचा संच प्रमाण मानून बाकी सगळ्यांना त्यावर मोजण्याचा हा धोका आहे. आम्ही प्रायमर त्या बाहेरून आलेल्या पुढच्या तुकड्यावर बसवला, आणि जोडीला ईजीएफआर-बीचा स्वतंत्र प्रायमर ठेवला, म्हणजे प्रत्येक नमुन्यात निदान एक बँड यायलाच हवा. तो आला नाही तर डीएनए खराब समजून नमुना पुन्हा घ्यायचा.

हिशेब जिथे जुळेना

पालकांचे निकाल सरळ आले. ठिपकेवाल्या प्लॅटी माद्यांत एक्सएमआरके होते आणि पाचव्या गुणसूत्रावर दोन्ही प्रती प्लॅटीच्या होत्या. हिरव्या नरात एक्सएमआरके नव्हते आणि पाचव्यावर दोन्ही प्रती स्वॉर्डटेलच्या होत्या. इतर काही गुणसूत्रांवर मात्र प्लॅटीच्या खुणा सापडल्या. म्हणजे पिढ्यानपिढ्या शुद्ध समजली गेलेली ती हिरवी ओळही कधीतरी प्लॅटीशी मिसळलेली होती. शोभेच्या माशांच्या व्यापारात हे नवलाचे नाही. बाजारात प्लॅटी किंवा स्वॉर्डटेल म्हणून विकले जाणारे बहुतेक मासे या दोन जातींच्या, आणि झिफोफोरस व्हेरिएटस या तिसऱ्या जातीच्या, जुन्या संकरांतून आलेले असतात. लाल, नारिंगी, काळ्या परांच्या कित्येक तऱ्हा याच मिश्रणातून घडल्या आहेत. आमच्या प्रकरणात महत्त्वाचे एवढेच होते की ज्या दोन जागांवर हिशेब उभा होता, त्या दोन्ही जागी नर स्वॉर्डटेलच होता.

प्रतिसंकराच्या बहुतेक वेतांतही अपेक्षेप्रमाणेच निकाल आले: काळे नसलेल्यांत एक्सएमआरके नाही, गाठ असलेल्यांत ते आहे आणि पाचव्यावर प्लॅटीची प्रत नाही, साफ ठिपकेवाल्यांत ते आहे आणि पाचव्यावर प्लॅटीची एक प्रत आहे. पण एका मादीच्या वेताने सगळा हिशेब विस्कटला. तिच्या पिल्लांत साफ ठिपकेवाली फार होती आणि गाठवाली जवळजवळ नव्हतीच. विद्यार्थ्यांचा पहिला कयास असा होता की नियंत्रकाची आपली कल्पनाच चुकली असावी. मग त्या वेतातल्या काही पिल्लांत पाचव्या गुणसूत्रावर दोन्ही प्रती प्लॅटीच्या निघाल्या, आणि उलगडा झाला. हिरव्या नराकडे पाचव्यावर प्लॅटीची प्रतच नव्हती. मग पिल्लाला दुसरी प्रत कोणाकडून मिळाली? बापाकडूनच मिळायला हवी, म्हणजे बाप तो हिरवा नर नव्हता.

पिल्ले घालणाऱ्या या माशांत नर गुदपराच्या बदललेल्या, नळीसारख्या अवयवाने मादीच्या अंगात शुक्रजंतू सोडतो, आणि मादी ते महिनोन्‌महिने साठवून एकाच जुगण्यावर लागोपाठ अनेक वेत देऊ शकते. बाजारातून आणलेली एकटी मादी टाकीत पिल्ले देते ती यामुळेच. संवर्धकांनी संकरित माद्या हिरव्या नराला देण्याआधी त्या काही काळ आपल्या भावांबरोबर एकाच टाकीत होत्या. वहीत जोडणीची तारीख होती, पण माद्या वेगळ्या कधी केल्या ते लिहिलेले नव्हते. विचारल्यावर त्यांनी आठवून सांगितले की ती एक मादी उशिरा काढली होती. भावाशी जुगलेल्या मादीच्या पिल्लांत नियंत्रकाची निदान एक प्रत असण्याची शक्यता तीन चतुर्थांश असते, म्हणून गाठी कमी दिसल्या. ते वेत आम्ही हिशेबातून वगळले. हे वगळणे सोयीसाठी नव्हते, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. पितृत्वाचा पुरावा डीएनएत होता, आणि तो नसता तर ते वेत वगळण्याचा आम्हाला अधिकार नव्हता.

दुसरा अपवाद एका माशाचा होता. खऱ्या प्रतिसंकरातल्या या माशात एक्सएमआरके होते, पाचव्यावरची आमची खूण स्वॉर्डटेलची होती, तरी पर साफ राहिला. त्याच गुणसूत्रावर आणखी पुढे दुसरी खूण बसवून पाहिली, तेव्हा तिथे प्लॅटीची प्रत सापडली. त्याच्या आईत अंडे तयार होताना दोन गुणसूत्रांचे तुकडे आमच्या पहिल्या खुणेच्या आणि नियंत्रकाच्या मध्ये अदलाबदल झाले होते. असा एक मासा चुकीचा वाटतो, पण नियंत्रक कुठल्या बाजूला आहे ते तोच सांगतो, आणि गुणसूत्रांवरील जागा अरुंद करत नेण्याचे सगळे तंत्र अशाच माशांवर चालते.

लगाम कोणाचा

पाचव्या गुणसूत्रावरच्या त्या पट्ट्यात अनेक जनुके आहेत. पेशींच्या विभाजनाला आवर घालणाऱ्या एका प्रसिद्ध जनुककुळाचा सदस्य, सीडीकेएन२, तिथेच असल्यामुळे १९९०च्या दशकापासून त्याच्यावर संशय होता. २०२० मध्ये टेक्सास आणि जर्मनीतील संशोधकांनी प्लॅटी–हेलेरी संकरांच्या बारकाईच्या तुलनेतून रॅब३डी या वेगळ्या जनुकाकडे बोट दाखवले. त्याच वर्षी मेक्सिकोतील नैसर्गिक संकरांवरचा दुसरा अभ्यास आला. हिदाल्गो राज्यातल्या डोंगराळ ओढ्यांत झिफोफोरस मालिंचे उंचावर आणि झिफोफोरस बर्चमनाय खालच्या भागात राहतो. जिथे ते मिसळतात तिथल्या काही माशांच्या शेपटीवरचा काळा डाग मेलानोमात बदलतो. तिथेही बर्चमनायकडून आलेले एक्सएमआरकेच मुळाशी होते. पण त्याचे न जुळणारे जोडीदार जनुक मात्र रॅब३डी नव्हते, मालिंचेकडून आलेले सीडी९७ होते.

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. एक्सएमआरकेला वाईट जनुक म्हणून मोकळे होणे चूक आहे, कारण ते या वंशातील अनेक जातींत लाखो वर्षे टिकून आहे आणि शुद्ध जातीत सहसा उपद्रव करत नाही. झिफोफोरस कोर्टेझी या जातीच्या काही समूहांत तर ठिपकेवाले नर माद्यांना अधिक पसंत पडतात, असे २००८ मध्ये दाखवले गेले. प्रत्येक जातीत या जनुकाच्या आजूबाजूला उरलेला जनुकसंच त्याला सांभाळत बदलत आला, आणि प्रत्येक जातीने हे सांभाळणे आपापल्या रीतीने केले. म्हणून दोन जातींच्या संचांची तुलना करताना 'कोणाकडे काय आहे' एवढे विचारून भागत नाही. एका संचातला कोणता तुकडा दुसऱ्या कोणत्या तुकड्याच्या भरवशावर चालला आहे ते विचारावे लागते, आणि जातीची जोडी बदलली की हे उत्तर बदलते. मेक्सिकोतला निष्कर्ष भांडुपच्या माशांना लावता येत नाही तो यामुळे.

संकर म्हणजे बिघाडच, असा अर्थही यातून काढू नये. याच कुळातील ॲमेझॉन मॉली ही जात पोइसिलिया मेक्सिकाना मादी आणि पोइसिलिया लॅटिपिना नर यांच्या संकरातून सुमारे लाखभर वर्षांपूर्वी उगम पावली. तिच्यात नर नाहीत. माद्या जवळच्या जातींच्या नरांशी जुगतात, पण त्यांचे डीएनए घेत नाहीत आणि आपल्यासारख्याच मुली जन्माला घालतात. १९३२ मध्ये अमेरिकेतील हबज दांपत्याने तिच्या या प्रजननाची नोंद केली तेव्हा अशी पृष्ठवंशी जात विज्ञानाला ठाऊक नव्हती. २०१८ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा नरांच्या डीएनएची सरमिसळ नसल्यामुळे अपेक्षिलेली मोडतोड त्यात सापडली नाही; दोन्ही मूळ जातींचे संच शेजारीशेजारी सुस्थितीत होते. मॉलीत संपूर्ण संच आहेत तसे पुढे जातात. प्लॅटी-स्वॉर्डटेलच्या प्रतिसंकरात ते फुटून नव्याने वाटले जातात, आणि जनुक एका पिल्लाकडे तर त्याचा नियंत्रक दुसऱ्याकडे जातो.

टाक्यांबाबत घेतलेले निर्णय

संवर्धकांना आम्ही निकाल बसून समजावले. गाठ सांसर्गिक नाही, म्हणून टाक्या रिकाम्या करण्याची किंवा औषधे घालत राहण्याची गरज नव्हती. मिथिलिन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरत होते ते वेगळेच. गाठ मोठी होऊन पोहणे अवघड झालेले मासे लवंग तेलाच्या तीव्र द्रावणात शांतपणे संपवले. कोणताही मासा नाल्यात किंवा तलावात सोडायचा नाही, हे त्यांना आधीपासून मान्य होते.

काळे नसलेली पिल्ले त्यांनी निर्धास्तपणे विकली, कारण त्यांच्यात एक्सएमआरकेच नाही. साफ ठिपकेवाल्यांबाबत आमचे थोडे मतभेद झाले. ते मासे निरोगी होते आणि त्यांचा भाव चांगला आला असता. पण त्यांच्याकडे नियंत्रकाची एकच प्रत आहे, आणि घेणाऱ्याने ते पुन्हा स्वॉर्डटेलला दिले की गाठी परत येणार. माझे म्हणणे होते की ते पैदाशीसाठी विकू नयेत. त्यांनी मधला मार्ग काढला: बहुतेक नर शोभेसाठी विकले, आणि दुकानदाराला तोंडी नव्हे तर पिशवीवर लिहून कळवले की हे मिश्र आहेत, स्वॉर्डटेलबरोबर ठेवू नयेत. माद्या स्वतःकडे राखल्या.

लांब तलवार आणि काळा पर एकाच माशात हवा, ही त्यांची मूळ इच्छा अजून आहे, आणि ती अशक्य नाही. त्यासाठी राखलेल्या माद्या पुन्हा हिरव्या नराला न देता एक्सएमआरके आणि पाचव्यावरची प्लॅटीची प्रत दोन्ही असलेल्या भावंडांशी जोडायच्या, पुढच्या पिढीतून पाचव्यावर दोन्ही प्रती प्लॅटीच्या असलेली पिल्ले खुणांवरून निवडायची, आणि मगच तलवारीच्या लांबीकडे पाहायचे, असा बेत ठरला आहे. नराच्या गुदपराचा आकार बदलू लागताच, तलवार फुटण्याची वाट न पाहता, नर-माद्या वेगळ्या करायच्या. वहीत आता जोडणीच्या तारखेशेजारी मादी वेगळी केल्याच्या तारखेचा रकाना आहे, आणि प्रत्येक निवडलेल्या माशाच्या शेपटीचा नमुना आमच्या विभागात अल्कोहोलमध्ये ठेवला जातो.